विधेयक २२३१ च्या बाजूने

पिंटो झऱ्याच्या पाण्यात एक मासा राहतो. बोटाच्या पेराएवढा, अंगावर राखाडी ठिपके, आणि पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नाही. पहाटेच्या कोवळ्या उजेडात हा चिमुकला जीव शेवाळाच्या मखमलीतून डोकं वर काढतो, तेव्हा जणू अवघं वाळवंट श्वास घेतं. दहा हजार वर्षं त्याने

(वरील सर्व मजकूर खोडावा. त्याऐवजी पुढील मजकूर घालावा.)

वरचा मजकूर आमच्या पत्रकातला. लिहिला मीच. चार हजार प्रती छापून आम्ही त्या आमदारांच्या टपालपेट्यांत टाकल्या. त्यातल्या एकीच्या मागे एका आमदाराने दातांच्या डॉक्टरचा नंबर लिहून घेतला. पत्रकाचा माझ्या माहितीतला उपयोग एवढाच.

वर त्या मजकुराचं जे झालं तेच विधेयकाचं झालं. आमच्या विधानसभेत ‘सगळं-खोडा’ नावाची दुरुस्ती चालते. विधेयकाचा क्रमांक तोच ठेवायचा, नावही तेच ठेवायचं आणि आतला मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत खोडून दुसराच घालायचा. सकाळी कुत्र्यांच्या लसीचं असलेलं विधेयक दुपारी पुलाच्या कंत्राटाचं होतं, आणि नाव मात्र कुत्र्यांचंच राहतं. नियमाप्रमाणे ते तेच विधेयक असतं. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. बाहेरून आलेल्यांना वाटतं, पण ते फार दिवस राहत नाहीत.

कलम १. व्हर्ना स्टॉडर्ड

वय एकाहत्तर. पिंटो खोऱ्यात नासपतीची साठ झाडं, अकरा गायी आणि सहा वर्षांपूर्वी आटलेली विहीर. खोऱ्यातल्या सगळ्याच विहिरी आटल्यात. आता घराघरांत पाणी येतं ते झऱ्यावरून टाकलेल्या एका लोखंडी पाइपातून. मिसेस स्टॉडर्डची बाग त्या पाइपाच्या अगदी शेवटी. झऱ्याचं पाणी थोडं जरी खाली गेलं, तरी सगळ्यात आधी त्यांची झाडं जाणार आणि पाठोपाठ खोरं उठणार.

झऱ्यापासून मैलभरावर खडी आहे. पुष्कळ आहे, आणि ती धुवायला पुष्कळ पाणी लागतं.

म्हणून विधेयक २२३१, पिंटो झरा विधेयक. झऱ्याच्या दोन मैलांत कोणी पंप लावायचा नाही, एवढंच त्यात मागितलं होतं. मसुदा आमच्या झरा समितीने केला. समिती म्हणजे मी, आणखी दोघं आणि एक छपाईयंत्र. चौदा वर्षांत आम्ही एकही विधेयक जिंकलेलं नाही. टी-शर्ट मात्र फार छान छापतो, छातीवर मासा.

मिसेस स्टॉडर्डनी असला टी-शर्ट घालायला साफ नकार दिला.

“मास्तर, तो मासा तळला तर दाताच्या फटीत अडकायलाही पुरायचा नाही. तुझा मासा तुला लखलाभ. मला पाण्याचं सांग.”

मी पूर्वी खोऱ्यातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. त्यामुळे मास्तर.

कलम २. यंत्र

विधानसभेच्या तळमजल्यावर, झेंड्यांच्या शेजारी, तीन यंत्रं उभी आहेत. विधेयकाचा क्रमांक टाकला की पडद्यावर तीन चौकोन येतात: बाजूने, विरोधात, तटस्थ. खाली विचारतात, बोलायचं आहे का. नाव नोंदवायला माणसाने स्वतः तिथे यावं लागतं, आणि नोंद बदलायची तरी स्वतःच यावं लागतं. घरबसल्या काही नाही. लोकशाही जवळून बघावी म्हणून तसं ठेवलंय म्हणे.

खोरं तिथून चार तासांवर. फेब्रुवारीत मिसेस स्टॉडर्डनी चर्चच्या दोन बस आणि शाळेची एक बस भरून माणसं आणली. दोनशे दहा. त्यांत मंडईतले म्हातारे होते, गुडघे धरून चालणाऱ्या बायका होत्या, आयुष्यात मतदान न केलेला एक घोड्यांचा डॉक्टरही होता. सगळे रांगेत उभे. मिसेस स्टॉडर्ड यंत्रापाशी.

“बोट इथं. नाही, इथं. बाजूने. डेल, चष्मा लाव की रे, तटस्थवर काय ठेवतोस? तटस्थ तू बायको बोलत असताना राहा.”

दोनशे दहा ते, एक त्या स्वतः आणि समितीचे आम्ही तिघं. बाजूने दोनशे चौदा. विरोधात तीन, तिघंही खडी कंपनीचे. पहिलं नाव ब्रेंट हॅलोरनचं. आमदारांना भेटणं, जेवू घालणं आणि पटवणं हा त्याचा पगारी धंदा. माणूस वाईट नाही. मला नेहमी विचारतो, “मासा कसा आहे?”

कलम ३. सव्वाअकरा

मार्चमधला विधानसभेच्या समितीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी जे समितीतून पुढे गेलं नाही ते त्या वर्षापुरतं मेलं. आमची सुनावणी दीड वाजता. मिसेस स्टॉडर्डची गाडी बिघडली होती म्हणून त्या माझ्या गाडीतून आल्या, मांडीवर सदस्यांना वाटायला नासपतीच्या मुरंब्याच्या बरण्या घेऊन.

सव्वाअकराला समितीच्या चिटणीस डार्लीनबाईंनी फळ्यावर एक कागद लावला आणि माझ्याकडे न बघता निघाल्या. डार्लीनबाई माझ्याकडे बघत नाहीत, म्हणजे काय ते मला चौदा वर्षांत कळायला लागलंय.

विधेयक २२३१, पिंटो झरा विधेयक. दुरुस्ती: सगळं-खोडा. सुचवणार अध्यक्ष ऱ्हेट लुडिंग्टन. नवा मजकूर दीड पान. झऱ्याच्या दोन मैलांत खडी धुण्यासाठी कितीही पंप लावावेत, परवान्याची गरज नाही.

“हे आज कसं आणता येईल?” मी डार्लीनबाईंच्या मागे धावलो. “पाच दिवसांची सूचना लागते!”

“विधेयक पाच दिवसांपासून कार्यक्रमपत्रिकेवर आहेच की.”

“ते वेगळं विधेयक होतं!”

“क्रमांक बघा,” त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “मी फक्त कागद लावते, मास्तर.”

मिसेस स्टॉडर्डनी दीड पान दोनदा वाचलं. मग विचारलं, “म्हणजे आमची दोनशे दहा बोटं आता कशाच्या बाजूने आहेत?”

बरण्या बाकावर ठेवून त्या तडक यंत्रापाशी गेल्या.

कलम ४ (हे कलम लेखकाने मागे घ्यायला हवं होतं)

त्यांचं बोट ‘विरोधात’च्या चौकोनावर टेकणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. एकाहत्तर वर्षांच्या बाईचा हात भर विधानसभेत धरायला नको होता, हे मला मान्य आहे.

“सोड.”

“मिसेस स्टॉडर्ड, जरा मोजू या. समितीत दहा जण. अध्यक्षांसकट पाच खडीबरोबर. चार आपल्याबरोबर, त्यांना झरा हवाय हे मला पक्कं माहितीय. उरले लायल ट्रॉस्ट.”

“लायलला मी ओळखते. त्याच्या बापाची गाय नाल्यातून मी काढलीय. मी समोर उभी राहून खरं सांगितलं तर तो ऐकेल.”

“ऐकतील. डोळे पुसतील. आणि मग मत आपल्या विरोधात देतील. ते विधेयक वाचत नाहीत.”

लायल ट्रॉस्टनी चौदा वर्षांत एकही विधेयक वाचलेलं नाही, आणि हे ते अभिमानाने सांगतात. त्यांच्यासमोर यादी असते, बाजूने कोण आणि विरोधात कोण. झरा समिती बाजूने दिसली की त्यांचं मत ‘नाही’. समिती विरोधात दिसली की ‘होय’. प्रचाराच्या फलकावर त्यांच्या हसऱ्या फोटोखाली लिहिलेलं असतं: मासेवाल्यांचं एकदाही ऐकलं नाही.

“म्हणजे?” मिसेस स्टॉडर्डनी विचारलं.

“म्हणजे आपण आहोत तिथेच राहायचं. बाजूने. ट्रॉस्ट ‘नाही’ म्हणतील. पाच-पाच. बरोबरी झाली की विधेयक पडतं.”

“आणि मला बोलायला बोलावतील तेव्हा?”

“बाजूने बोला.”

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की वर्गात मला न आलेलं उत्तर पोरांना विचारल्यासारखं वाटलं.

“मी जन्मात एकदाच खोटं बोललेय, मास्तर. नवऱ्याच्या चर्चमधल्या गाण्याबद्दल. आणि ते आम्हा दोघांतच होतं. इथं बोललेलं लिहून ठेवतात.”

“हो.”

“कायमचं.”

“हो.”

पडद्यावर चौकोन वाट बघत होते. जरा वेळाने यंत्रच कंटाळलं आणि काळं पडलं. मिसेस स्टॉडर्डनी त्याला परत हात लावला नाही. पण माझं ऐकलं असंही काही त्या म्हणाल्या नाहीत.

ब्रेंट हॅलोरन त्या वेळी अंगणात होता. कंपनीतर्फे आमदारांना जेवण होतं, सोळा तास धुरावर शिजवलेलं गोमांस. तो स्वतः कापून वाढत होता. सगळं-खोडा झाल्यापासून त्याची स्वतःची नोंद आता त्याच्याच विधेयकाच्या विरोधात आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

कलम ५. दोन मिनिटं

अध्यक्ष लुडिंग्टननी यादी उचलली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. “बाजूने दोनशे चौदा! लोकांना खडी हवीय हे मी कधीपासून सांगतोय. बाजूचे आधी बोलतील. व्हर्ना स्टॉडर्ड.”

भिंतीवरच्या लाल आकड्यांचं घड्याळ सुरू झालं.

२:००

“अध्यक्ष महोदय, सदस्यहो. मी व्हर्ना स्टॉडर्ड, पिंटो खोरं. फेब्रुवारीत मी आमच्याकडची दोनशे दहा माणसं या इमारतीत आणली. प्रत्येकाचं बोट मी स्वतः धरून ‘बाजूने’वर ठेवलं.”

इथपर्यंत सगळं खरं. त्या खऱ्याच्या कडेकडेने चालल्या होत्या.

१:३४

“आमच्याकडे पाणी एका पाइपातून येतं. माझी बाग त्याच्या टोकाला आहे. आमच्या खोऱ्याचं पुढे काय व्हायचं ते या विधेयकावर आहे. हेच सांगायला मी चार तास प्रवास करून आलेय.”

हेही खरं. अध्यक्ष मान हलवत होते. मला वाटलं, सुटल्या.

१:०२

“अध्यक्ष महोदय, एक प्रश्न,” लायल ट्रॉस्ट पुढे वाकले. त्यांच्या समोरच्या बरणीतला मिसेस स्टॉडर्डचा मुरंबा अर्धा संपला होता. “व्हर्ना, तू या लोकांबरोबर कशी? मासेवाल्यांबरोबर?”

“त्यांची गाडी चालते, लायल. माझी बंद पडलीय.”

मागे कोणीतरी हसलं. ट्रॉस्ट हसले नाहीत.

“गाडीचं नाही विचारत मी. आज समोर आहे ते हे विधेयक. तू बाजूने आहेस की विरोधात? तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.”

०:३९

कड संपली. मिसेस स्टॉडर्डनी समोरच्या ध्वनिक्षेपकाकडे पाहिलं, मग ट्रॉस्टकडे. माझ्या मनात तेव्हा मासा नव्हता, पाणीही नव्हतं. फक्त एवढंच होतं की हे मी त्यांच्याकडून करून घेतोय.

०:२३

“व्हर्ना?”

०:१६

“बाजूने,” त्या म्हणाल्या.

डार्लीनबाईंनी टंकलं. त्यांच्या कळफलकाचा आवाज फार मोठा आहे.

एवढ्यात दार धाडकन उघडून ब्रेंट हॅलोरन आत आला. गळपट्टीवर रस्सा. कोणीतरी त्याला अंगणात जाऊन यादी दाखवली असणार.

“अध्यक्ष महोदय! आम्ही बाजूने आहोत!”

“तुमची नोंद विरोधात आहे, मिस्टर हॅलोरन.”

“ती जुन्या विधेयकाला होती!”

अध्यक्षांचा चेहरा कसनुसा झाला. जुनं आणि नवं अशी दोन विधेयकं आहेत असं त्यांनी मान्य केलं असतं, तर पाच दिवसांची सूचना लागली असती. “जुनं असं काही नाही. विधेयक तेच आहे. क्रमांक बघा. विरोधकांना शेवटी वेळ मिळेल.”

“पण मी विरोधक नाहीये!”

“मग विरोधकांच्या वेळात तुम्हाला बोलता येणार नाही. बसा.”

कलम ६. मतदान

पाच होय, चार नाही. मग ट्रॉस्टनी मत समजावून सांगायची परवानगी मागितली. आमच्याकडे मत देण्यापूर्वी ते समजावून सांगायची पद्धत आहे. ज्याने विचार केलेला नसतो त्याला हा वेळ उपयोगी पडतो.

“अध्यक्ष महोदय, मिसेस स्टॉडर्डनी माझ्या वडिलांची गाय नाल्यातून काढली होती. त्यांना नाही म्हणायला मला जड जातंय. पण ज्या कागदावर मासेवाल्यांची नावं आहेत, त्यात कुठेतरी मासा असणारच. माझं मत, नाही.”

पाच-पाच. पडलं.

माझ्या शेजारी आमच्या झरा समितीची दोघं एकमेकांकडे बघत होती. जिंकल्यावर काय करायचं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एकाने सवयीने निषेधाचा फलक वर केला. मी तो खाली घ्यायला लावला.

पण समिती अजून उठली नव्हती. आणि आमचा एक नियम आहे: समिती उठेपर्यंत, जिंकलेल्या बाजूच्या कोणाही सदस्याला फेरमतदान मागता येतं. हॅलोरनला तो पाठ होता. तो ट्रॉस्टच्या खुर्चीमागे वाकून कुजबुजत होता, आणि ट्रॉस्ट यादीवर बोट ठेवून म्हणत होते, “तुझं नाव विरोधात आहे, ब्रेंट. मी तुझ्या बाजूने मत दिलं. आभार मानायचे सोडून भांडतोस काय?” तरी काहीतरी त्यांच्या डोक्यात शिरलं असावं. ते उठले, हातात विधेयक घेऊन सरळ आमच्या रांगेपाशी आले.

“व्हर्ना, ब्रेंट म्हणतो हे विधेयक त्याचं. तू म्हणतेस तुझं. तू आणि ब्रेंट एकाच बाजूला? मला सरळ सांग. तुला हे हवंच असेल तर मी आत्ता फेरमत मागतो. जन्मात पहिल्यांदा. तुझ्यासाठी.”

म्हणजे खोटं लागू पडलं होतं, जरा जास्तच. आणखी एकदा खोटं बोललं तर विधेयक पास. खरं बोललं तर? कदाचित वाचेल; कदाचित मासेवाल्यांनी फसवलं म्हणून चिडून तेच फेरमत मागतील. मी तोंड उघडलं. मिसेस स्टॉडर्डनी माझ्या पायावर पाय दिला.

“लायल,” त्या म्हणाल्या, “कागद तुझ्या हातात आहे. वाच.”

ट्रॉस्टना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. “मी वाचत नाही, व्हर्ना. सगळ्यांना माहितीय.”

“आज वाच. मी थांबते.”

त्यांनी खिसे चाचपले. चष्मा काढला. मागे अध्यक्ष विचारत होते, आणखी काही कामकाज? ट्रॉस्टनी पहिलं पान उघडलं आणि ओठ हलवत वाचू लागले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं आणि तेव्हा मला आठवलं. सगळं-खोडा छापताना नियमाप्रमाणे आधी खोडलेला मजकूर छापतात, प्रत्येक ओळीवर रेघ मारून. चार पानं, बहुतेक माशावरची प्रस्तावना. नवा मजकूर त्यानंतर, पाचव्या पानावर. छपाई स्वस्त असल्याने रेघ इतकी पुसट उमटते, की तरण्या डोळ्यांनाही कागद कलता धरावा लागतो.

ट्रॉस्टनी कागद कलता धरला नाही.

“‘...या झऱ्यातील ठिपकेवाला मासा, जो अन्यत्र...’” ते मोठ्याने म्हणाले आणि थांबले. त्यांचा चेहरा उजळला. “मासा! बघ! पहिल्याच पानावर! मी म्हटलं नव्हतं?”

“म्हटलं होतंस,” मिसेस स्टॉडर्ड म्हणाल्या.

“तुला फसवलंय यांनी, व्हर्ना. तुला वाटलं खडीचं आहे.”

“लायल, मला काय वाटलं ते मी मघाशी बोललेय. तू तुझं मत दिलंस. ते राहू दे.”

“राहणारच!” त्यांनी चष्मा खिशात टाकला. हॅलोरन मागून ओरडत होता, पान पाच, लायल, पान पाच! ट्रॉस्टनी वळून त्याच्याकडे कीवेने पाहिलं. लाकडी हातोडा आपटला. समिती उठली, अधिवेशनापुरती.

कलम ७. अंमलबजावणी

परतीच्या वाटेवर दीड तास झाला होता, मिसेस स्टॉडर्ड माझ्या शेजारी. ऊन अजून चांगलं होतं. मी एकदा म्हणालो, झरा वाचला. त्या म्हणाल्या, पुढच्या जानेवारीपर्यंत. मी म्हणालो, तुम्ही त्यांना वाचा म्हणालात ते तर खरंच होतं. त्या म्हणाल्या, “खरं बोलून खोटं निभावून नेलं, मास्तर. त्याला चांगलं म्हणू नकोस. मला आनंद झालाय, पण चांगलं म्हणू नकोस.”

मग त्यांचा फोन वाजला. आणि माझाही. विधानसभेचं यंत्र निकालाची नोंद झाली की नोंद केलेल्या प्रत्येकाला आपोआप निरोप धाडतं. मी गाडी बाजूला घेऊन वाचला.

आपण बाजूने नोंद केलेले विधेयक २२३१ (पिंटो झरा परिसरात खडी धुलाईसाठी विनापरवाना पाणी उपसा) आज नामंजूर झाले. आपल्या पाठिंब्याबद्दल आभार.

दोनशे चौदा फोनांवर एकाच वेळी.

अर्ध्या तासात मिसेस स्टॉडर्डचा फोन पुन्हा वाजला आणि त्यांनी तो कानाला लावला. पलीकडचा डेलचा आवाज मला स्टिअरिंगपाशी ऐकू येत होता. “व्हर्ना! तू आमच्याकडून खडीसाठी बोटं दाबून घेतलीस? आमचं पाणी विकलंस? मी तुला चर्चची बस दिली होती! माझी बायको म्हणतेय, हिने त्यांच्याकडून...”

“डेल. डेल, ऐक. तू घरी आहेस ना?”

“घरीच आहे! आणि इथं सगळे जमलेत!”

“सगळ्यांना ऐकू जाईल असा धर फोन. मी आज तिथं खोटं बोलले. लिहून घेतलंय त्यांनी. तुमच्या नावानेही बोलले. का ते आल्यावर सांगते, आणि लायल ट्रॉस्टच्या कानावर घालणाऱ्याशी मी जन्मात बोलणार नाही. आता स्वयंपाकघरात जा.”

“कशाला?”

“नळ उघड.”

थोडा वेळ फक्त पावलं ऐकू आली, मग भांड्यावर पडणारं पाणी.

“येतंय?”

डेल काहीतरी पुटपुटला.

“मग आता घाल शिव्या,” मिसेस स्टॉडर्ड म्हणाल्या आणि खिडकीची काच खाली केली. “मी ऐकतेय. आणि लवकर आटप, तुझ्यामागे दोनशे नऊ जण आहेत.”